आई, या वेळी तू येऊ नकोस

(पत्र चांगलं सहा पानी होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून ४३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय: मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, महिन्यातले वीस दिवस बाहेर असतात. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. चौथीपासून खो-खो खेळते आणि आता जिल्ह्याच्या संघात निवड झालीय, चार दिवसांच्या स्पर्धेसाठी मराठवाड्यात जायचंय. आजवर तिची एकही स्पर्धा मी चुकवली नाही, प्रसंगी बिनपगारी रजा टाकून गेले. बॅग, पाणी, डबा, ओले कपडे सगळं मीच बघते, तिनं फक्त खेळाकडे लक्ष द्यावं म्हणून. मागच्या स्पर्धेत ती अर्ध्या मिनिटात आउट झाली आणि रडायला लागली, तेव्हा मी तिथंच म्हटलं की खेळाडूनं रडायचं नसतं. नंतर पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आई, या वेळी तू येऊ नकोस." मला रात्रभर झोप नाही. तिला माझी लाज वाटते का? सासूबाई म्हणतात, हा खो-खो दहावीत खो घालणार, बंद करा आता. सर चांगले आहेत पण शेवटी परके. मुक्काम शाळेच्या वर्गात. पाळीची तारीखही नेमकी तेव्हाच येतेय. मी तिला लहानपणापासून स्वावलंबी आणि खंबीर बनवलंय, मग ती अशी का वागते? पाठवू की नको? आणि पाठवलं तर ते चार दिवस मी काय करू? तिच्या स्पर्धा सोडल्या तर मी स्वतः एकटी कधी जिल्ह्याबाहेर गेले नाही, कोल्हापूरची मैत्रीण पाच वर्षं बोलावतेय, तेही जमलेलं नाही.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. पहिल्यांदा फक्त तुमची ती न झोपलेली रात्र दिसत होती. ती खरी आहे, इतकी वर्षं रजा जाळून, एसटीत उभ्यानं जाऊन, उन्हात पत्र्याच्या शेडखाली बसून जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या तिनंच येऊ नको म्हटलं तर कुणालाही लागेलच, त्यात चुकीचं काही नाही. पण लाज वाटते का हा जो तुमचा प्रश्न आहे, त्याला आधार देणारी एकही गोष्ट मला अख्ख्या पत्रात सापडली नाही. ती तुमच्याशी बोलते, घरी येऊन सगळं सांगते, तुम्हीच लिहिलंय की कपाटाच्या दारावर तिनं खो-खोपटू प्रियांका इंगळेचा फोटो लावलाय आणि त्याच्या शेजारी तुमच्या दोघींचा. लाज वाटणारी पोरगी असला फोटो लावत नाही हो. आणि एक बघा, ती हे हरल्याच्या दिवशी रागात बोललेली नाही. पंधरा दिवस मनात ठेवून, विचार करून, तुमच्या समोर बसून बोललीय. १५ वर्षांच्या मुलीला हे बोलायला किती धीर लागला असेल.

आता पेन्सिलीनं खूण केलेली वाक्यं.

एक, "मी तिला स्वावलंबी बनवलंय." आणि त्याच्याच वर चार ओळी, बॅग मी भरते, बाटली मी धरते, ओले कपडे मी पिळते. ताई, हे प्रेमच आहे, शंका नाही, पण ती सहा वर्षं फक्त खेळलीय आणि बाकी सगळं तुम्ही केलंय. नी-कॅप कुठल्या कप्प्यात आहे हे तिला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मग मॅटवर उतरताना तिची नजर कुठं जाणार? तुमच्याचकडे. खो-खोत डिफेन्सला तिघींची तुकडी आत जाते, बाद करायला मागं धावणारीला दिशा बदलायची मुभा नसते पण चुकवत पळणारीला असते, सगळा खेळ या पळणारीनं क्षणाक्षणाला स्वतः काय ठरवलं यावर. आत शिरायचं की पोलला, म्हणजे टोकाच्या खांबाला, वळसा घालायचा हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आई काय म्हणेल हा विचार डोक्यात आला तर गेलीच. मागच्या मॅचला ती आउट होण्याआधी तुमच्याकडे बघत होती असं तुम्हीच लिहिलंय, "मला वाटलं तिला पाणी हवंय". मला वाटतं तिला पाणी नको होतं. तिलाही ते कळलंय, आणि तिनं त्यावर उपाय शोधलाय, थोडा कडू आहे तुमच्यासाठी पण उपाय आहे.

दुसरं वाक्य, "खेळाडूनं रडायचं नसतं." हे मला जरा जास्त लागलं कारण मी पण असंच काहीतरी केलंय. माझी लेक बॅडमिंटन खेळायची. एकदा पुण्यात हरली आणि परत येताना गाडीत मी खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत तिची मॅच तिलाच समजावून सांगत होते, बॅकहँड कुठं चुकला, सर्व्हिस का छोटी पडली, सगळं. ती काचेला डोकं टेकून झोपली होती. म्हणजे मला तसं वाटलं. ती आता २७ वर्षांची आहे, परवा चहा पिताना सहज बोलून गेली की मी त्या सगळ्या वर्षांत परतीच्या गाडीत झोपायचं नाटक करायचे. मला काही बोलताच आलं नाही. हरल्याचं दुःख तिचं तिला दहा मिनिटं सुद्धा मिळू दिलं नव्हतं मी, लगेच त्यातून शिकवायला घेतलं.

खंबीर म्हणजे रडत नाही असं आपल्याकडे कुणी ठरवलं कोण जाणे. हरल्यावर रडू आलं, रडली, तोंड धुतलं आणि दुसऱ्या मॅचला पाटीवर, म्हणजे मैदानातल्या तिच्या जागेवर, येऊन बसली तर ती खंबीरच की. रडू दाबून धरलेलं मूल दुसऱ्या मॅचला जाताना ते ओझं घेऊनच जातं, शिवाय त्याला हेही कळतं की आईला माझं हरलेलं तोंड बघवत नाही. तुम्ही तिला एवढं एक सांगा, जमलं तर उद्याच: त्या दिवशी मी तुला रडू नको म्हटलं ते माझं चुकलं. लांबलचक भाषण नको. पोळ्या लाटताना सांगितलं तरी चालेल.

मग पाठवायचं का? माझं मत, पाठवा. पण "जा तुझी तू" अशी रुसून नको, आणि आंधळेपणानं तर अजिबात नको. इथं मला एक गोष्ट अगदी स्पष्ट करायचीय कारण अशी पत्रं मला बऱ्याच आयांकडून येतात आणि सगळ्यांची एकाच ठिकाणी गल्लत होते. मुलीनं काय सांभाळायचं आणि मोठ्यांनी काय सांभाळायचं या दोन वेगळ्या पिशव्या आहेत. बॅग, किट, खाणं, झोप, हरणं जिंकणं ही तिची पिशवी. ती सुरक्षित आहे ना हे बघणं ही मोठ्यांची पिशवी, ती १५ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर टाकायची नाही. तुमचं आजवर उलटं झालंय, तिची पिशवी तुम्ही उचललीत, आणि सुरक्षिततेचे प्रश्न "मी आहेच सोबत" म्हणून कुणाला विचारलेच नाहीत.

ते आता विचारा. संघाबरोबर महिला व्यवस्थापक आहे का, ती रात्री मुलींच्याच खोलीत झोपणार का. वर्गात मुक्काम असेल तर दाराला आतून कडी आहे का, संडास-बाथरूम किती लांब, रात्री तिथं लाइट असतो का. प्रवास कशानं, रात्रीचा आहे का. कुणी आजारी पडलं, पाय मुरगळला तर दवाखान्यात कोण नेणार, पालकांना कोण कळवणार. मुलींचे फोन काढून घेतात का, घेत असतील तर रोज किती वाजता बोलायला देतात. सरांनी किंवा इतर कुणीही मोठ्या माणसानं एकट्या मुलीला खोलीत बोलवायचं नाही, मालीश असेल, पट्टी बांधायची असेल तर दुसरी मुलगी किंवा मॅडम तिथं हव्यातच, हा नियम सगळ्यांसमोर बोलून घ्या. सर चांगले आहेत म्हणता ना, मग चांगल्या सरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्यांचं काम सोपं होतं. आणि राग आलाच, "आमच्यावर विश्वास नाही का" असं उत्तर आलं, आणि प्रश्न तसेच राहिले, तर या वेळी पाठवू नका, माझं मत मी तिथल्या तिथं बदलेन. एकट्यानं विचारायला अवघड वाटत असेल तर संघातल्या तीन चार आयांना घेऊन जा.

मुलीशीही बोला, सरळ शब्दांत. कुणी नको तिथं हात लावला, नको ते बोललं, नको ते मोबाईलवर दाखवलं, तर चूक तिची नाही आणि तिनं संघाच्या नावासाठी गप्प बसायचं नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं मोठ्यांवर बंधनकारक आहे, हे तुम्ही शिक्षिका असल्यानं तुम्हाला माहीत असेलच. मुलांची हेल्पलाइन १०९८, आणि कुठल्याही तातडीला ११२. शिवाय दोन मोबाईल नंबर तिला पाठ हवेत, फोनमध्ये नाही, पाठ. आजकाल मुलांना आईचा नंबर सुद्धा तोंडपाठ नसतो आणि बॅटरी संपली की सगळंच संपतं. आमच्या घरी एक खुणेचं वाक्य होतं, "निळी ओढणी घरी राहिली का गं?" लेकीनं फोनवर हे विचारलं की समजायचं, ती मोकळेपणानं बोलू शकत नाहीये आणि मी निघायचं. कधी वापरावं लागलं नाही. पण ते आहे एवढ्यानंच दोघींना झोप लागायची. तुम्ही तुमचं वाक्य ठरवा, दोघींनी मिळून.

आता तिची पिशवी. स्पर्धेला अजून महिना आहे म्हणता, म्हणजे भरपूर वेळ आहे. एकदम चार दिवस एकटी असं न करता आधी छोटं छोटं करून बघा. या रविवारी जवळच्या गावाला सराव सामना आहे ना, त्याची बॅग तिला भरू दे, आणि तुम्ही तपासू नका. मला माहीत आहे हात शिवशिवतील. काहीतरी राहील, मोजे राहतील, बाटली राहील, राहू दे. एक दिवस बिनमोज्याची मॅच खेळली तर पुढच्या वेळी मोजे पहिले जातील बॅगेत, तुम्ही दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते. जर्सी रात्री स्वतः धुऊन पिळून खिडकीच्या गजाला वाळत घालायची, हे पण घरी दोनदा करून बघू दे. पैसे दोन ठिकाणी ठेवायचे, थोडे पाकिटात थोडे सॅकच्या आतल्या कप्प्यात.

आणि यात एक माणूस तुम्ही विसरलात, तिचे बाबा. वीस दिवस रस्त्यावर काढणारा माणूस आहे तो. अनोळखी गावात रात्री थांबायचं कसं, कुठल्या हॉटेलात जेवायचं नाही, पत्ता कुणाला विचारायचा, गाडी बंद पडली तर काय करायचं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलंय. पुढच्या मुक्कामाला घरी आले की बाप-लेकीला एक संध्याकाळ द्या, नकाशा काढून जायचा रस्ता दाखवू देत. तुमच्या पत्रात ते फक्त "बाहेर असतात" एवढ्याच वाक्यात आहेत.

पाळीचं म्हणाल तर ते स्पर्धा बंद करण्याचं कारण नाहीच. पॅड जास्तीचे, कागदी पिशव्या, एक जादा काळी टाइट्स, पोटावर शेकायची पिशवी, आणि मॅडमना आधी सांगून ठेवलेलं, झालं. तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून द्यायच्या नाहीत, डॉक्टरशिवाय नाहीच नाही. पण तुम्ही सहज एक गोष्ट लिहिलीय ती मला महत्त्वाची वाटते, हल्ली ती सरावाहून आली की लगेच झोपते आणि जिना चढताना धाप लागते. ताई, हिमोग्लोबिन तपासा, याच आठवड्यात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि खेळणाऱ्या वाढत्या मुलीला तर लोह जास्तच लागतं. १२ च्या खाली असेल तर डॉक्टर गोळ्या देतील, त्या घेताना जेवणाबरोबर चहा नको, लिंबू चालेल. कदाचित मागच्या मॅचला तिचं मन कमी पडलंच नसेल, रक्त कमी पडलं असेल! आपण लगेच स्वभावावर जातो.

खाण्याचं एवढंच की मॅचच्या दिवशी नवीन काही नाही. स्पर्धेच्या गावी वडापाव छान मिळतो, तो शेवटची मॅच झाल्यावर. बरोबर दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, केळी, मेतकूट. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. पोट बिघडलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे मोजमाप तिला लिहून द्या. पाय मुरगळला तर चोळायचा नाही, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, क्रेप बँडेज बांधून पाय उंचावर, आणि त्या दिवशी परत पळायचं नाही. पोल मारताना, म्हणजे खांबाच्या आधारानं झेप टाकताना, डोकं आपटलं तर मात्र "बरं वाटतंय" म्हटलं तरी बाहेर बसायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, संघ हरला तरी. हे वाक्य तिला घरून सांगून पाठवा म्हणजे ऐन वेळी तिला एकटीला ठरवावं लागणार नाही.

सासूबाईंची काळजी मी उडवून लावणार नाही. दहावी आहे, चार दिवस जातील, सराव धरून महिनाभर संध्याकाळी दोन तास जातील. त्यांना "तुम्हाला काय कळतंय" असं न म्हणता लेकीलाच आजीसमोर बसवा आणि तिचं वेळापत्रक तिलाच सांगू दे, बुडालेला धडा ती कधी भरून काढणार ते तारखेसकट. खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचे नियम आणि अर्जाची मुदत शाळेत विचारून घ्या, पण त्या गुणांसाठी खेळतेय असं मात्र घरात कुणी म्हणू नये. ती खेळतेय कारण तिला ते आवडतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं, कॅप्टन तीच, तुमच्या कपाटावरची प्रियांका. त्याआधी २०२० ला धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला. तुमची लेक तिथवर जाईल का मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि आज ते ठरवायची गरजही नाही.

गुपचूप जाऊन मागच्या रांगेत उभं राहायचा विचार मनात आला असेल ना? प्लीज नको. कुणीतरी ओळखीचं भेटणारच, तिला कळणारच, आणि मग पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही, नुसती टाळेल. त्यापेक्षा तिलाच विचारा, चारही दिवस नको का, की फायनलला पोचलात तर येऊ. ती काय म्हणेल ते ऐका आणि तेवढंच करा. फोन रात्री जेवणं झाल्यावर एकदा, दहा मिनिटं, मॅचच्या आधी नाही. तिनं स्कोअर सांगितला तर ऐकायचा, नाही सांगितला तर विचारायचा नाही. हे लिहायला सोपं आहे, पाळायला फार अवघड, मी दोनदा मोडलंय.

आणि आता तुमचे चार दिवस. पत्राच्या अगदी शेवटी, घाईत लिहिल्यासारखं, तुम्ही लिहिलंय की मी स्वतः एकटी कधी जिल्ह्याबाहेर गेले नाही. मला वाटतं हे सगळ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. तुम्ही फिरलात, महाराष्ट्रभर फिरलात, पण दर वेळी कुणाची तरी बाटली हातात धरून. एकटीनं गेल्यावर काय होतं हे तुम्हाला माहीतच नाही, त्यामुळे तिच्या एकटीच्या प्रवासाची भीती वाटणारच, न बघितलेल्या अंधाराची वाटते तशी. मग बघून या ना. कोल्हापूरला जा. शिक्षिकेला त्या चारातला एक शनिवार-रविवार तरी मिळेल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, लाल डबा असो की शिवशाही. सासूबाईंना दोन दिवस शेजारच्या काकू बघतील, सांगून तर बघा, तुम्ही त्यांच्यासाठी कितीदा केलं असेल. मैत्रिणीला स्टँडवर घ्यायला बोलवू नका, रिक्षा करून घरापर्यंत जा. रंकाळ्यावर संध्याकाळी बसा. आणि त्या रात्री लेकीचा फोन आला की तिच्या दिवसाबरोबर तुमचाही दिवस सांगा, तिला किती मजा वाटेल बघा, आईला पण सांगायला काहीतरी आहे.

तिला सोडायला स्टँडवर जालच, जा. सॅक तिच्याच पाठीवर राहू दे. परत येईल त्या दिवशी पण. उतरल्या उतरल्या जिंकलात का हे नका विचारू, भूक लागलीय का एवढंच विचारा, आणि रस्त्यात ती डोळे मिटून बसली तर बसू दे.

आणि कोल्हापूरचं तिकीट काढलंत की मला चार ओळी लिहा, खिडकीजवळची जागा मिळाली का ते पण.